शिंपल्यांची सहा पोती

३ नोव्हेंबर २०११ या दिवशी पिल्नामने जमरेच्या हातावर चोवीस हजार वॉन ठेवले. शिंपल्यांच्या चुऱ्याची सहा पोती, पोत्याला चार हजार. जमरे नको नको म्हणाली आणि म्हणता म्हणताच नोटांची घडी करून एप्रनच्या खिशात घातली. "तुझ्याकडून पैसे घ्यायचे म्हणजे अक्का, जिवावर येतं. पण पोरगा टेम्पोचं डिझेल मागतो, त्याला काय सांगू?" पिल्नाम म्हणाली, काही सांगू नकोस, घे. मैत्रीतही व्यवहार चोख असावा, असं तिचा नवरा दल्सु म्हणायचा.

पिल्नाम तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती. तिच्या आधी घरात चार मुली झाल्या होत्या. पाचवीही मुलगीच निघाली, तेव्हा आजोबांनी नाव ठेवलं पिल्नाम, म्हणजे आता तरी मुलगाच. आपल्याकडे नकुशी म्हणतात, त्यातलाच प्रकार. पुढे खरोखरच भाऊ झाला, त्यामुळे नाव वाया गेलं नाही असं ती स्वतःच हसून सांगत असे. कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, तोंगयंगहून बसने पाऊण तासावर, खाडीच्या तोंडाशी तिचं सासर. गावात धंदे दोनच, कालवं वाढवणं आणि कालवं फोडणं. पुरुष तराफ्यांवर, बाया शेडमध्ये. पिल्नामने अडतीस वर्षं त्या शेडमध्ये उभ्याने कालवं फोडली, आणि त्यातली चौतीस वर्षं तिच्या डाव्या हाताला जमरे उभी होती.

डावीकडे कोण उभं आहे याला शेडमध्ये फार महत्त्व असतं. सुरी उजव्या हातात असते, त्यामुळे डावीकडच्या बाईचा सुरीचा हात आपल्या अंगाकडे येतो. तिची सुरी शिंपल्यावरून घसरली की ती आपल्या दंडात. नव्या बाईशेजारी उभं राहायला कुणी तयार नसतं ते याचसाठी. चौतीस वर्षांत जमरेची सुरी पिल्नामकडे एकदाही घसरली नाही. दोन वर्षांपूर्वी मनगट गेलं म्हणून पिल्नामने काम सोडलं, तेव्हा निरोपाच्या जेवणात तिने एवढंच सांगितलं होतं, की माझा दंड बघा, एक ओरखडा नाही, तो जमरेचा उपकार.

दल्सुला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी मिग्यंग बुसानला नोकरीला, छत्तीस वर्षांची, लग्नाचं नाव नाही. घरात पिल्नाम एकटी आणि परसात अकरा कोंबड्या व एक कोंबडा. ही सगळी दल्सुने बाजारातून आणलेल्या एका जोडीची पिलावळ. खुराडंही त्यानेच बांधलेलं, आणि आतली कोंबड्यांची बसायची दांडी म्हणजे त्याच्या बापाचं वल्हं. जुन्या काळी होडीच्या मागच्या टोकाला उभं राहून एकाच लांब वल्ह्याने होडी हाकत. इंजिन आलं, होडी मोडीत निघाली, पण वल्हं तेवढं दल्सुने ठेवून घेतलं. ओकचं लाकूड, बापलेकांच्या तळव्यांनी घासून घासून गुळगुळीत झालेलं. ते त्याने खुराड्यात छातीइतक्या उंचीवर आडवं बसवलं, तेव्हा बाया चेष्टा करायच्या, की दल्सु आता कोंबड्यांना घेऊन मासेमारीला निघणार. संध्याकाळी सगळ्या कोंबड्या त्या वल्ह्यावर ओळीने बसल्या की पिल्नाम दार लावून घ्यायची. त्या घटकेला तिला घर भरल्यासारखं वाटे.

त्या गावात घरामागे शिंपल्यांचा ढीग असतोच. कालवं काढून झाली की शिंपले तिथे टाकायचे, दोन वर्षं पाऊस खाऊ द्यायचे, म्हणजे मीठ निघून जातं आणि शिंपला ठिसूळ होतो. मग कुटून तो चुरा कोंबड्यांच्या अंगणात पसरायचा. चिखल होत नाही, आणि कोंबड्या तो टिपतात, त्याने अंड्याचं कवच कडक होतं. पिल्नामचा ढीग दल्सुच्या माघारी संपत आला होता आणि यंदा संपलाच. म्हणून जमरेकडे मागितला. जमरे म्हणाली, माझ्या परसातला आहे, दोन पावसाळे खाल्लेला, मुलाकडून टेम्पोने पाठवते.

पोती सोडली तेव्हा चुरा जरा करडा दिसला, वासही किंचित ओला होता. जुना चुरा पांढरा असतो आणि त्याला वास नसतो. पिल्नामने मूठभर नाकाशी धरला, पुन्हा पोत्याकडे पाहिलं. पोतं जमरेचं होतं. तिने चुरा पसरला.

१४ तारखेला तांबडी तलंग, नुकती अंड्यावर आलेली कोंबडी, एक पाय उचलून उभी दिसली. पिल्नामने तिला काखेत धरून पाय उलटा केला. तळव्याच्या मधोमध वाटाण्याएवढी गाठ आणि तिच्यावर मिऱ्यासारखी काळी खपली. कोमट मिठाच्या पाण्यात पाय भिजवला, खपली काढली, दाबून आतला पिवळा घट्ट पू काढला आणि वर सोयाबीनचं आंबवलेलं वाटण लावून चिंधी बांधली. गावात मधमाशी चावो की कोयता लागो, औषध एकच. आठवड्याभरात आणखी दोघी लंगडायला लागल्या. नोव्हेंबर संपताना चार झाल्या होत्या.

पिल्नाम स्वभावाने शांत आणि चिकाटीची. तिने एकेक गोष्ट तपासायला घेतली. रात्री घुशी येऊन कोंबड्यांचे पाय कुरतडतात असं ऐकलं होतं, म्हणून खुराड्याच्या जमिनीवर राख पसरून ठेवली. तीन दिवस पहाटे दिवा घेऊन पाहिलं. राखेत कोंबड्यांच्याच पायांचे ठसे. मग कुंपणाकडे लक्ष गेलं. काटेरी लिंबाचं कुंपण, बोटभर लांब काटे, वाऱ्याने फांद्या मोडून अंगणात पडतात. तिने दोन दिवस खपून कुंपण छाटलं, काटे झाडूने गोळा करून जाळले. हातांवर इतके ओरखडे उठले की मिग्यंगने फोनवर विचारलं, आई, मांजराशी भांडलीस का? शेजारच्या कुत्र्यावरही चार दिवस संशय घेतला, पण कुत्रा बिचारा म्हातारा, स्वतःच्या ताटलीपर्यंत जायला त्याला दोन विश्रांत्या लागत. सगळं पाहून झालं. पायाखालचा चुरा तेवढा पाहिला नाही. तिथे कुणीच पाहिलं नसतं. शिंपला म्हणजे कोंबडीचं औषध, आणि औषधावर कोण संशय घेतो?

४ डिसेंबरला, रविवारी, पिल्नामच्या घरी हिवाळ्याची किमची घालायची होती. शेड रविवारी बंद असते, म्हणून बाया त्याच दिवशी मोकळ्या. हे काम एकटीदुकटीचं नाही. सत्तर कोबी आदल्या दिवशी मिठात घालून ठेवलेले, ते धुवायचे आणि पानापानात मसाला भरायचा. त्यासाठी बायांची सावड असते. आज तू माझ्याकडे, दोन आठवड्यांनी मी तुझ्याकडे. पैसे कुणी देत नाही, मागत नाही, पण कुणाचा दिवस कुणावर आहे हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. जमरे सकाळी सहाला स्वतःचे रबरी हातमोजे घेऊन हजर झाली. खालच्या आळीची हादोंगवाली आली. हादोंगहून लग्न होऊन आली म्हणून हादोंगवाली, तिचं खरं नाव गावात कुणाला आठवत नाही. आणखी एक तिची सून.

कामात गप्पा चालल्या होत्या. इतक्यात तांबडी तलंग चिंधी बांधलेला पाय वर धरून ओट्यासमोरून गेली.

"ही जावयासाठी ठेवलेली ना गं?" हादोंगवालीने विचारलं. जावई पहिल्यांदा घरी आला की सासूने अंड्यावरची चांगली कोंबडी कापायची, असा तिकडे रिवाज आहे.

"तीच," पिल्नाम म्हणाली.

"मग आता जावईही लंगडाच बघ. जोडी शोभेल."

"लंगडा तर लंगडा, येऊ दे तरी. त्याची वाट बघून तीन कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या माझ्या."

सगळ्या हसल्या. जमरे हसली नाही, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही. हसणं ओसरल्यावर पिल्नामने मनातलं काढलं. राख टाकून पाहिली, कुंपण छाटलं, तरी चौघी लंगड्या झाल्या. असंच चाललं तर वसंत येईपर्यंत एकही धड राहायची नाही, आणि ही दल्सुची पिलावळ आहे, पुन्हा बाजारातून आणता येणार नाही. मग ती जमरेकडे वळली. "जमरे, तुझी नजर चांगली. जरा बघ ना, कशाने होतंय."

जमरेने हातमोजे काढले आणि ती खुराड्याकडे गेली. दारात बराच वेळ उभी राहिली. आत वाकून पाहिलं, बाहेर अंगणाकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं. परत आली तेव्हा हात पुसत म्हणाली, "दांडी उंच आहे, अक्का."

"दांडी?"

"छातीइतकी उंच. तुझ्या कोंबड्या अंगाने भारी. रोज सकाळी तिथून धपकन उड्या मारतात, तळवे फुटतात. डॉक्टर लोक हेच सांगतात."

पिल्नाम म्हणाली, तेरा वर्षं तीच दांडी आहे, आजवर काही झालं नाही. जमरे म्हणाली, तेरा वर्षांपूर्वीच्या कोंबड्या हलक्या होत्या, आता तू त्यांना भात चारतेस. हे खरं होतं. दल्सु गेल्यापासून उरलेला भात कोंबड्यांनाच जाई.

हादोंगवाली मध्ये बोलली, की अगं ते दल्सुचं वल्हं आहे, खाली सरकवून बसवा, काढता कशाला? पण वल्हं लांब होतं, खालच्या अंगाला खुराडं निमुळतं, तिथे ते मावेना. कापल्याशिवाय बसणार नव्हतं. पिल्नाम करवत हातात घेऊन उभी राहिली आणि तिचा हात पुढे होईना.

"लाकूड आहे ते, अक्का," जमरे म्हणाली. "दादा काही त्यात बसलेले नाहीत. मी माझ्या पोराकडून सुरूची पट्टी पाठवते, गुडघ्याइतकी खाली ठोकून देईल."

चौतीस वर्षं जिची सुरी घसरली नाही, तिचं पिल्नामने ऐकलं. वल्हं अख्खं खुराड्याच्या दारातून निघेना, म्हणून त्याचे चार तुकडे झाले. किमची घालायच्या दिवशी मोठ्या हंड्यात डुकराचं मांस उकडतात आणि ताज्या किमचीबरोबर सगळ्या बसून खातात. हंड्याखालचं लाकूड कमी पडत होतं. ओकचे ते चार तुकडे चुलीत गेले. छान पेटले, धूर झाला नाही. जमरे चुलीपाशी बसून लाकडं आत सारत होती. मांस मऊ शिजलं. सगळ्यांनी वाखाणलं, आणि जमरेने दोनदा वाढून घेतलं.

संध्याकाळी बाया गेल्या. कोंबड्या खुराड्यात शिरल्या आणि दांडी नाही हे पाहून खाली गोंधळल्यासारख्या फिरत राहिल्या. कोंबडा भिंतीशी जिथे वल्ह्याचं टोक यायचं तिथे मान वर करून उभा राहिला. पिल्नामने त्या दिवशी लवकर दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जमरेच्या मुलाने पट्टी ठोकून दिली. पुढचे आठ-नऊ दिवस नवी कोंबडी लंगडली नाही. पिल्नामने मुद्दाम जमरेला फोन करून सांगितलं, "तूच गं खरी डॉक्टर." जमरे पलीकडून म्हणाली, "हं. बघ अजून थोडे दिवस." मग शेडमध्ये काम फार आहे म्हणून तिने फोन ठेवला. किमचीच्या हंगामात कालवांना मागणी असतेच, तेव्हा पिल्नामला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

१४ डिसेंबरला वाकड्या पंखाची कोंबडी लंगडायला लागली.

ही कोंबडी पिल्लू असताना फाटकात चेंगरून तिचा पंख मोडला होता. तिला उडता येत नसे. वल्ह्यावर ती आयुष्यात कधी बसली नव्हती, कोपऱ्यात गवताच्या टोपलीत झोपायची. तिला मांडीवर घेऊन पाय उलटा करताना पिल्नामच्या मनात ही गोष्ट नव्हती. खपली काढताना आली. हिने उडी मारलीच नाही. उंचावरून ही कधी उतरलीच नाही. मग हिचा तळवा कशाने फुटला? पिल्नामचे हात थांबले. दांडीचा दोष नव्हता, आणि दांडी तर दहा दिवसांपूर्वी तिने मांसाच्या हंड्याखाली घातली होती.

थोड्या वेळाने तिने पुन्हा गाठ दाबली. पुवाबरोबर काहीतरी टणक बोटाला लागलं. चिमट्याने धरून ओढलं तर तांदळाच्या दाण्याएवढा तारेचा तुकडा बाहेर आला. वर निळं प्लास्टिक, टोकाला गंजकं लोखंड. आधीच्या कोंबड्यांच्या तळव्यात तार टोचून निघून गेली असावी. हिच्या तळव्यात मोडून राहिली.

ती तार पिल्नामला ओळखायला वेळ लागला नाही. कालवं चिकटून वाढावीत म्हणून शिंपले ओवून समुद्रात सोडायच्या माळा असतात, त्यांना शेडने मागच्या वर्षी ही निळी तार आणली. धक्क्यावर तिची वेटोळी पडलेली तिने पाहिली होती. शेडमध्ये आता शिंपले चुरायचं यंत्रही आलं होतं. माळा सोडवत बसायला माणसं नाहीत, म्हणून तारेसकट सगळं यंत्रात जातं. पण मागच्या वर्षी आलेली तार दोन पावसाळे खाल्लेल्या ढिगात कशी सापडेल? जमरेच्या परसातला ढीग तर त्याहून जुना.

पिल्नाम उठली आणि दल्सुची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी दोरीला बांधलेलं लोहचुंबक होतं. जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं, इंजिनाच्या खोबणीत पडलेले स्क्रू दल्सु त्याने वर काढी. ती अंगणात गेली आणि चुंबक चुऱ्यावरून ओढत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. वर उचललं तर चुंबकाला निळ्या मिशा फुटल्या होत्या. तिने ते एका बशीत पुसलं आणि पुन्हा ओढलं. चार फेऱ्यांत बशी भरली.

ओट्यावर बशी शेजारी घेऊन ती किती वेळ बसली कोण जाणे. एवढं होऊनही एक आशा तिच्या मनात होती. जमरेला माहीत नसेल. पोराने टेम्पो भरताना चुकीच्या ढिगाला फावडं लावलं असेल. पोरं करतात तसं. जाऊन सांगायचं, की बघ तुझ्या पोराने काय केलं, दोघींनी मिळून त्याला रागवायचं, आणि वल्ह्याचं दुःख आपल्यापाशी ठेवायचं. १७ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, ती बशी पदराआड धरावी तशी कोटाच्या आत धरून जमरेकडे गेली.

दुसऱ्या दिवशी जमरेची किमची होती. तिच्या परसात ऐंशी कोबी, अर्धे चिरून, मोठ्या टोपल्यांत रचलेले, आणि ती त्यांवर मीठ शिंपडत होती. पिल्नामची नजर आधी बाजूच्या जाळीकडे गेली. जमरेच्या सात कोंबड्या तिथे टिपत होत्या. खाली चुरा पसरलेला, पांढराशुभ्र, जाड्याभरड्या पिठासारखा. दोन पावसाळे खाल्लेला.

तिने बशी ओट्यावर ठेवली. जमरेने पाहिलं, आणि तिचा मिठाचा हात थांबला नाही.

"शेडची तार दिसते," ती म्हणाली.

"तुझ्या पोत्यातली."

"मग पोराने घोळ घातला असेल."

हेच वाक्य ऐकायला पिल्नाम आली होती. पण जमरेने ते तिच्याकडे न बघता म्हटलं, आणि टोपलीतला एकच कोबी तिसऱ्यांदा उलटा केला. चौतीस वर्षं शेजारी उभं राहिलं की माणसाचे हात वाचता येतात.

"पोराला बोलाव," पिल्नाम म्हणाली. "त्याला विचारू."

जमरेने मिठाचं भांडं खाली ठेवलं. "तो घरात नाही. आणि त्याला कशाला विचारायचं? मीच सांगितलं होतं त्याला शेडमधून भरायला. माझ्याकडे उरला होता तो एवढाच." तिने जाळीकडे हनुवटीने दाखवलं. "तू मागितलास. तुला नाही कसं म्हणू?"

"नाही म्हणायचं. नाही, एवढंच."

"शेड तो फुकट देते अक्का, उलट कुणी नेला तर बरंच. चार हजार मी टेम्पोचे लावले. त्यात माझं काही उरलं नाही, देवाशपथ."

"तार असते त्यात, हे ठाऊक होतं?"

जमरेने एक कोबी उचलून पुन्हा टोपलीत ठेवला. मग म्हणाली, शेडमध्ये सगळ्यांनाच ठाऊक आहे, मला वाटलं तू चाळून घेशील.

"तू मला तुझ्या परसातला म्हणून सांगितलास. तुझ्या परसातला मी कशाला चाळीन?"

पिल्नामला त्याचं उत्तर नको होतं. तिला दुसरंच विचारायचं होतं. "त्या दिवशी खुराड्याच्या दारात उभी होतीस. अंगणाकडे पाहिलंस तू. तेव्हा कळलं होतं ना तुला?"

"अक्का—"

"कळलं होतं का?"

"तू चार बायांसमोर विचारलंस," जमरे म्हणाली. "हादोंगवाली बसलेली. गावभर झालं असतं. काहीतरी सांगावं लागलं."

पिल्नाम तिच्याकडे बघत राहिली. चुलीपाशी बसून लाकडं आत सारणारी जमरे तिच्या डोळ्यांसमोर होती. दुसऱ्यांदा पुढे केलेला वाडगाही.

"तू करवत धरलीस तेव्हा मी म्हणणार होते," जमरे हळू आवाजात म्हणाली. "पण तोपर्यंत बोलून गेले होते." मग तिला रडू फुटलं, आणि मिठाच्या हातांनी डोळे पुसता येईनात म्हणून ती कोपराने पुसायला लागली. "चोवीस हजारांच्या चुऱ्यासाठी एवढी वर्षं घालवणार आहेस का तू?"

पिल्नामने बशी उचलून घेतली आणि ती निघाली. चुऱ्यासाठी नाही, त्या 'दांडी उंच आहे'साठी, हे उत्तर तिला स्वतःच्या फाटकाशी आल्यावर सुचलं. ते सांगायला परत जावं इतकं ते मोठं नव्हतं.

घरी आल्यावर तिने काही खाल्लं नाही. दांडी जळाली म्हणून ती रडली असती तर बरं झालं असतं, पण रडू येत नव्हतं. तिचा उजवा हात पुन्हा पुन्हा डाव्या दंडावर जात होता. जिथे ओरखडा नाही म्हणून ती एवढी वर्षं सांगत आली, तिथे.

दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, जमरेकडे किमची झाली. हादोंगवाली गेली, तिची सून गेली. पिल्नामची जागा रिकामी राहिली. सावडीचा दिवस चुकवायला त्या गावात दोनच कारणं चालतात, घरात मयत किंवा बाळंतपण. हादोंगवालीने विचारलं तेव्हा जमरेने अक्काचं मनगट दुखतंय असं सांगितलं. हादोंगवालीने ते ऐकून घेतलं, आणि परत जाताना पिल्नामच्या फाटकात डोकावली. पिल्नाम फावडं घेऊन अंगण खरवडत होती. दुखऱ्या मनगटाने. बशी ओट्यावरच होती. हादोंगवालीने बशी पाहिली, निळी तार पाहिली, आणि हंडा ठेवला होता त्या चुलीकडे पाहिलं. "भरवशाच्या कुऱ्हाडीनेच पाय तुटतो," एवढंच म्हणून ती तिथेच खाली बसली, आणि अंधार पडेपर्यंत दोघींनी मिळून चुरा गोळा केला.

अंगण मातीपर्यंत खरवडायला नऊ दिवस लागले. वर समुद्राची वाळू टाकली. मातीसकट पोती साडेसात भरली. ती फेकली असती तर दुसऱ्या कुणाच्या कोंबडीच्या पायात तार गेली असती, म्हणून तोंडं शिवून पिल्नामने ती घरामागे जुन्या ढिगाच्या जागी रचून ठेवली. वाळू टाकल्यानंतर एकही नवी कोंबडी लंगडली नाही. तोवर लंगडलेल्या एकूण आठांपैकी तिघी गेल्या. पहिली तांबडी तलंगच गेली. वाकड्या पंखाची वाचली, तिचा पाय मात्र थोडा तिरका पडतो.

डिसेंबर संपायच्या आत जमरेचा मुलगा आला. किमचीचा एक डबा आणि एक पाकीट. पाकिटात चोवीस हजार वॉन, नव्या नोटा. पोरगा दारात मान खाली घालून उभा राहिला. पिल्नामने त्याला आत बोलावलं, गरम बार्लीचा चहा दिला, त्याच्या टेम्पोची चौकशी केली. जाताना डबा आणि पाकीट दोन्ही त्याच्या हातात परत दिलं. तो म्हणाला, काकू, आईने सांगितलंय, घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. पिल्नाम म्हणाली, आईला सांग, चुऱ्याचे पैसे मी देऊन टाकले होते, ते मिटलेलं आहे. पैसे परत घेतले असते तर बाकीचंही मिटलं असं झालं असतं.

वसंतात बायांनी मध्ये पडून पाहिलं. शेडच्या सहलीला काम सोडलेल्या बायाही जातात, तिथे बसमध्ये दोघींना एका बाकावर बसवलं. पिल्नाम उठून मागे गेली नाही, शेजारी बसून राहिली, खिडकीबाहेर बघत. जमरेने सोललेलं संत्रं पुढे केलं. पिल्नामने एक फोड घेतली आणि हातातच धरून ठेवली. परतीच्या वाटेवर ती फोड कोटाच्या खिशात सापडली, ती तिने घरी आल्यावर कोंबड्यांना टाकली.

कोंबड्या आता सुरूच्या पट्टीवर बसतात. संध्याकाळी पिल्नाम दार लावते, मोजते, आठ आणि एक कोंबडा. पुढच्या हिवाळ्यात तिने तीसच कोबी घातले, हादोंगवालीच्या एका दिवसात झाले, आणि चारच दिवसांनी जाऊन तिने तो दिवस फेडला. पिल्नामने आयुष्यात कुणाचा दिवस ठेवला नव्हता.

४ डिसेंबर २०११ चा जमरेचा एक दिवस तिच्यावर अजून बाकी आहे.